किशोरवय, थांबणं आणि जोखीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'आत्ता' की 'नंतर', 'नक्की' की 'कदाचित' हा हिशोब वयात येणारी मुलं कशी करतात, याबद्दल पालक, शिक्षक आणि खुद्द मुलंमुली सतत लिहून विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं सलग वाचायची गरज नाही. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमची मुलगी आत्ता मिळणाऱ्या छोट्या गोष्टीसाठी नंतरची मोठी गोष्ट सहज सोडून देते. याला काही नाव आहे का?

आहे. मानसशास्त्रात आणि अर्थशास्त्रात याला 'डिले डिस्काउंटिंग' म्हणतात. बक्षीस जितकं लांबणीवर, तितकी त्याची मनातली किंमत कमी. हे लहानथोर सगळ्यांच्याच बाबतीत होतं. वयानुसार बदलतो तो किंमत घसरण्याचा वेग.

घसरण एकसारखी नसते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पॉल सॅम्युएलसन यांनी १९३७ साली मांडलेल्या गणिती प्रारूपात किंमत ठरावीक दराने कमी होत जाते असं धरलं होतं. पण माणसं आणि प्राणी तसे वागत नाहीत. जेम्स मेझर यांनी १९८७ साली कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवलेलं सूत्र माणसांनाही बरंच लागू पडलं: सुरुवातीच्या थोड्याशा उशिराने किंमत धाडकन पडते आणि पुढे ती सावकाश उतरते. आज की आठवड्याने, हा फरक मनाला मोठा वाटतो. ५२ आठवड्यांनी की ५३ आठवड्यांनी, यात काहीच वाटत नाही. आठवडा तोच असतो. या आकारामुळे माणसाचा बेत ऐन वेळी फिरतो (प्रश्न १२ पाहा).

२. हे मोजतात कसं? प्रश्न विचारून खरं कळतं का?

एका बाजूला आज मिळणारी छोटी रक्कम आणि दुसऱ्या बाजूला काही काळाने मिळणारी मोठी रक्कम ठेवतात. निवडीनुसार छोटी रक्कम कमीजास्त करत जातात. ज्या टप्प्यावर 'दोन्ही सारखंच' असं होतं, तो आकडा टिपतात. एक दिवस, एक महिना, एक वर्ष अशा वेगवेगळ्या मुदतींसाठी हेच केलं की प्रत्येकाची घसरणीची रेघ मिळते.

बहुतेक वेळा रकमा काल्पनिक असतात. प्रौढांमध्ये खऱ्या आणि काल्पनिक रकमांची तुलना केली तेव्हा निष्कर्षांत फारसा फरक दिसला नाही. तरीही, शांत खोलीत बसून दिलेलं उत्तर आणि प्रत्यक्षातलं वागणं यांत अंतर राहतंच. त्याबद्दल प्रश्न १० आणि ११ मध्ये आहे.

३. थांबायची समज नेमकी कितव्या वर्षी येते?

एका वाढदिवसाला येत नाही, पण कल स्पष्ट आहे. १९९४ साली लेनर्ड ग्रीन आणि सहकाऱ्यांनी १२ च्या आसपासची मुलं, विशीतले तरुण आणि साठी ओलांडलेली माणसं यांची तुलना केली. सर्वांत वेगाने घसरण मुलांमध्ये होती आणि सर्वांत सावकाश ज्येष्ठांमध्ये. सूत्राचा आकार मात्र तिन्ही गटांत एकच होता. म्हणजे मुलांचा विचार वेगळ्याच जातीचा नसतो, त्याचा उतार तेवढा तीव्र असतो.

यापेक्षा बारीक उत्तर लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या गटाने २००९ साली दिलं. १० ते ३० वयाच्या ९३५ जणांच्या त्या अभ्यासात १३ आणि त्याखालची मुलं १६ आणि त्यावरच्यांपेक्षा लवकर मिळणाऱ्या छोट्या रकमेवर जास्त समाधान मानत होती. १४ ते १६ हा संक्रमणाचा काळ म्हणता येईल. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. आधी योजना करणं आणि परिणामांचा अंदाज घेणं या सवयी याच्या पुढेही वाढत राहतात. त्यामुळे १६ वर्षांचा मुलगा पैशांच्या प्रश्नावर प्रौढासारखं उत्तर देतो आणि तरीही परीक्षेची तयारी शेवटच्या आठवड्यावर ढकलतो, यात विसंगती नाही. त्या दोन वेगळ्या क्षमता आहेत.

४. थांबता न येणं आणि जोखीम घेणं ही एकाच स्वभावाची दोन रूपं ना?

नाही. बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

आपल्यापुढे येणारं बक्षीस तीन प्रकारे अवघड असू शकतं. ते उशिरा मिळणार असेल. ते मिळण्याची शक्यता ठाऊक असेल, पण खात्री नसेल, जसं दहापैकी चार वेळा मिळेल. किंवा शक्यता किती हेच माहीत नसेल. पहिला उशीर, दुसरी जोखीम, तिसरी संदिग्धता. डॅनियल एल्सबर्ग यांनी १९६१ साली दाखवलं की माणसं दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला वेगवेगळं वागवतात: आकडा ठाऊक असलेली पैज चालते, आकडाच लपवलेली पैज नको वाटते.

उशीर आणि जोखीम एक नाहीत याचा एक सुरेख पुरावा रकमेच्या आकारातून मिळतो. रक्कम मोठी असेल तर माणूस उशीर जास्त सोसतो. पण रक्कम मोठी असेल तर तोच माणूस जोखीम कमी सोसतो. एकच स्वभाव दोन्ही चालवत असता, तर दोन्हीकडे एकाच दिशेने बदल दिसला असता.

म्हणून 'हा मुलगा उतावळा आहे' असं म्हणण्याआधी विचारावं: त्याला थांबवत नाही, की धोका परवडेल असं वाटतं, की धोका किती हे त्याला माहीतच नाही? तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे, आणि या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेगाने पिकतात.

५. पण या वयात मुलांना धोका कळतच नाही ना? 'मला काही होणार नाही' असंच त्यांना वाटतं.

हा समज फार जुना आहे आणि पुरावा बराचसा त्याच्या उलट आहे. बारूख फिशहॉफ आणि सहकाऱ्यांनी किशोरवयीन मुलांना स्वतःच्या मृत्यूची शक्यता विचारली, तेव्हा त्यांनी सांगितलेले आकडे वस्तुस्थितीपेक्षा कितीतरी जास्त होते. अनेक धोक्यांबाबत मुलं अंदाज फुगवून सांगतात, कमी करून नव्हे.

व्हॅलरी रेना यांनी याचं उत्तर वेगळ्या दिशेने शोधलं. त्यांच्या मते प्रौढ माणूस धोक्याचा हिशोबच करत नाही. तो सार पकडतो: 'जीव जाऊ शकतो, नको.' किशोरवयीन मूल तपशिलात शिरतं, फायदा किती, शक्यता किती, याचं वजन करतं आणि कधीकधी आकडे जोखमीच्या बाजूने झुकतात. एका प्रयोगात 'शार्क माशांबरोबर पोहणं चांगली कल्पना आहे का?' अशा धर्तीचे प्रश्न विचारले गेले. मुलांनी उत्तर 'नाही' असंच दिलं, पण ते द्यायला त्यांना प्रौढांपेक्षा जास्त वेळ लागला. म्हणजे त्यांनी खरोखर विचार केला. जिथे विचार करायचीच गरज नाही, तिथेही केला.

'विचार कर' हा आपला आवडता सल्ला इथे तोकडा पडतो. काही बाबतींत तोलून पाहायचंच नाही, हे शिकणं ही प्रौढ होण्याची खूण आहे.

६. धोका कळतो, तर मग तो पत्करतात कशासाठी?

एक मोठं कारण संदिग्धता (प्रश्न ४). २०१२ साली ॲग्निएश्का तिमुला आणि सहकाऱ्यांनी १२ ते १७ वयाच्या मुलांची तुलना ३० ते ५० वयाच्या प्रौढांशी केली. शक्यता आकड्यांत सांगितलेल्या सोडतींमध्ये मुलं प्रौढांपेक्षा जास्त सावध निघाली. पुन्हा वाचा: जास्त सावध. पण शक्यतेचा काही भाग झाकला, तेव्हा प्रौढ मागे सरले आणि मुलं फारशी बिचकली नाहीत.

आता प्रत्यक्ष आयुष्याकडे पाहा. पहिल्यांदा गाडी हातात घेताना, पहिल्यांदा अनोळखी गटात मिसळताना, पहिल्यांदा एखादा पदार्थ समोर येताना शक्यता कुणी आकड्यांत सांगत नाही. किशोरवयातले बहुतेक निर्णय 'पहिल्यांदा'च्या जातीचे असतात, म्हणजे झाकलेल्या सोडतीसारखे. प्रयोगात सावध असणारं मूल बाहेर बेदरकार दिसतं ते यामुळे.

अज्ञाताला न घाबरणं हा दोष मानायला मी तयार नाही. घर सोडायचं, नवी माणसं जोडायची, काम शोधायचं, या सगळ्याची शक्यता आधी कळत नाही. अज्ञाताला प्रौढांइतकं घाबरणारं मूल यातलं काहीच सुरू करणार नाही.

७. 'हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये' असं आपणच शिकवतो आणि मग 'थांब, मोठं मिळेल' असंही सांगतो. मुलाने ऐकायचं कोणाचं?

परिस्थितीचं. या पानावरचं हे माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं उत्तर आहे.

लगेच मिळणारं घेणं म्हणजे चूक, हे गृहीतच तपासायला हवं. थांबण्याचा फायदा तेव्हाच, जेव्हा शब्द देणारा तो पाळतो. सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग ३ ते ५ वर्षांच्या मुलांवरचा आहे, पण त्याचा बोध मोठ्यांनाही लागू होतो. आधी एका मोठ्या व्यक्तीने मुलांना चित्रकलेचं चांगलं साहित्य आणून देते असं सांगितलं. काही मुलांच्या बाबतीत तिने ते आणलं, काहींच्या बाबतीत रिकाम्या हाताने येऊन 'नाहीये' म्हणाली. नंतर सगळ्यांना 'थांबलास तर दुप्पट खाऊ' असा पर्याय दिला. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. शब्द मोडलेला पाहिलेली ३ मिनिटं. मुलांच्या संयमात आधी काही फरक नव्हता, त्यांचा अनुभव तेवढा वेगळा होता.

किशोरवयीन मुलाच्या मागे असे दहा-पंधरा वर्षांचे अनुभव असतात. ज्या घरात ठरलेल्या गोष्टी वारंवार रद्द होतात, पैसे कधी असतात कधी नसतात, राहण्याचं ठिकाण बदलत राहतं, तिथे हाती आलेलं घेणं हा रास्त हिशोब आहे. अशा मुलाला संयमाचे धडे देऊन उपयोग नाही. त्याच्या जगातलं 'नंतर' खरं होऊ लागलं, तर त्याचा हिशोब आपोआप बदलण्याची शक्यता आहे. आणि ते 'नंतर' खरं करणं मोठ्यांच्या हातात असतं.

८. लहानपणी मार्शमेलोसाठी थांबलेली मुलं पुढे यशस्वी होतात, हे खरं का?

वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग नर्सरी शाळेत ते प्रयोग सुरू केले: मुलासमोर मार्शमेलोसारखा मऊ, गोड खाऊ ठेवायचा आणि 'लगेच घेतलास तर एक, थांबलास तर दोन' असं सांगायचं. पुढे त्याच मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा थांबण्याचा वेळ आणि किशोरवयातली कामगिरी यांत संबंध दिसला. तो संबंध कमालीचा प्रसिद्ध झाला. पण ती मुलं संख्येने थोडी होती आणि बरीचशी विद्यापीठाच्या परिसरातल्या कुटुंबांतली होती.

२०१८ साली टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि होआनान क्वान यांनी ९०० हून अधिक मुलांची माहिती तपासली. संबंध दिसला, पण मूळच्या सुमारे निम्माच. कुटुंबाची परिस्थिती, घरातलं वातावरण आणि मुलाची आधीची बौद्धिक क्षमता हिशोबात धरल्यावर त्यातलाही बहुतांश विरघळला. चार वर्षांच्या मुलाच्या काही मिनिटांवरून त्याचं भविष्य वाचू नका. ती मिनिटं आणखी काय सांगतात, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

९. मेंदू २५ व्या वर्षी पूर्ण वाढतो म्हणतात. मग तोपर्यंत मुलांकडून अपेक्षाच ठेवायची नाही का?

२५ हा आकडा सोयीचा आहे, पण त्या दिवशी काही पूर्ण होत नाही. कपाळामागच्या भागाची, म्हणजे प्रीफ्रॉन्टल कॉर्टेक्सची जडणघडण विशीतही चालू असते आणि प्रत्येकाचा वेग निराळा असतो, एवढंच नक्की म्हणता येतं.

थांबण्याच्या बाबतीत एकेका भागापेक्षा त्यांच्यातल्या जोडणीला महत्त्व आहे. मेंदूच्या खोल भागातला स्ट्रायटम बक्षिसाच्या चाहुलीला प्रतिसाद देतो. कपाळामागचा भाग दूरचं उद्दिष्ट धरून ठेवतो. या दोघांना जोडणाऱ्या तंतूंची घडण वयानुसार पक्की होत जाते, आणि ती जितकी पक्की तितका उतावळेपणा कमी, असं २०१५ आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसलं. दुसऱ्या बाजूला, बक्षीस मिळताच स्ट्रायटमचा प्रतिसाद किशोरवयात मुलांपेक्षा आणि प्रौढांपेक्षाही जोरकस असतो, असं ॲड्रियाना गॅल्वान आणि सहकाऱ्यांना २००६ साली आढळलं. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हे तितक्या ठळकपणे आलेलं नाही, म्हणून 'ब्रेक नसलेली गाडी' हे लोकप्रिय चित्र मी वापरत नाही. ब्रेक असतात आणि शांत वेळी चांगले लागतात (प्रश्न ११).

वयात येण्याच्या संप्रेरकांचाही वाटा आहे. ११ ते १४ वयाच्या मुलग्यांच्या एका अभ्यासात टेस्टोस्टेरॉन जास्त असलेली मुलं 'लगेच' या पर्यायाकडे अधिक ओढली गेली, तर वाढत्या वयाचा परिणाम वेगळा, स्वतंत्र होता. एकाच वर्गातल्या, एकाच वयाच्या दोन मुलांत इतका फरक का, याचं थोडं उत्तर इथे आहे.

१०. एकटा असताना समजूतदार, मित्र आले की दुसराच माणूस. का?

कारण मित्र हे स्वतःच एक बक्षीस आहेत, आणि ते 'आत्ता'च्या पारड्यात पडतं.

मार्गो गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या २००५ सालच्या प्रयोगात ३०६ जण संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ खेळले. एकटं असताना तिन्ही वयोगटांत फारसा फरक नव्हता. मित्र शेजारी बसल्यावर १३ ते १६ वयाच्या मुलांनी घेतलेली जोखीम बरीच वाढली, १८ ते २२ च्या गटात थोडी वाढली आणि २४ च्या पुढे जवळजवळ वाढलीच नाही. २०११ सालच्या मेंदूच्या चाचणीत मित्र दुसऱ्या खोलीतून पाहताहेत एवढं कळल्यावरही किशोरवयीन मुलांच्या मेंदूतले बक्षिसाशी संबंधित भाग जास्त सक्रिय झाले. मित्रांनी उकसवायचीही गरज नव्हती. थांबण्याच्या प्रश्नांवरही असाच परिणाम दिसला आहे: समवयस्क पाहत असताना विद्यार्थी लगेच मिळणारं बक्षीस जास्त निवडतात.

उपयोगाची गोष्ट अशी की गटात थोडी मोठी, पंचविशीपुढची एक व्यक्ती असली की हा परिणाम बराच ओसरतो, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. सहलीला, शिबिराला, संघाबरोबर अशी एक व्यक्ती पाठवणं शक्य असेल तर जरूर पाठवा. तिने उपदेश करायची गरज नाही.

११. सगळे परिणाम तोंडपाठ सांगतो आणि नेमकं त्याच्या उलट वागतो. हा खोटेपणा नाही का?

नाही. बर्न्ड फिग्नर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली पत्त्यांच्या एका खेळाची दोन रूपं वापरली. एका रूपात किती पत्ते उलटणार हे आधीच ठरवून सांगायचं होतं. दुसऱ्यात एकेक पत्ता उलटत, दर वेळी निकाल पाहत पुढे जायचं होतं. पहिल्या रूपात मुलं आणि प्रौढ सारखेच वागले. दुसऱ्यात मुलांनी जास्त धोका पत्करला.

११ देशांतल्या ५,००० हून अधिक जणांच्या पाहणीतही हेच दुभंगलेपण दिसतं. शांतपणे विचार करण्याची क्षमता साधारण १६ व्या वर्षी प्रौढांच्या पातळीला येते. भावना तापलेल्या असताना स्वतःला आवरणं त्यानंतर काही वर्षांनी जमतं. म्हणून निर्णय शांत वेळेकडे सरकवणं हाच खरा मार्ग आहे. पार्टीतून परत कसं यायचं, कुणाला फोन करायचा, हे दारातून बाहेर पडण्याआधी ठरलेलं असावं.

१२. मी १६ वर्षांची आहे. सकाळी ठरवते की रात्री अभ्यास करायचा आणि रात्री फोन घेऊन बसते. माझ्यात इच्छाशक्ती नाही का?

तुझं सकाळचं ठरवणं प्रामाणिक असतं आणि रात्रीचा मोहही खरा असतो. प्रश्न १ मधला उताराचा आकार आठव. सकाळी फोन आणि परीक्षा दोन्ही दूर असतात, म्हणून मोठी गोष्ट मोठीच दिसते. रात्री फोन हातभर अंतरावर येतो, त्याची मनातली किंमत एकदम चढते आणि परीक्षेच्या किमतीच्या वर जाते. हे प्रौढांचंही रोज होतं.

यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे रात्रीचा निर्णय सकाळीच करून टाकणं. फोन दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या कुणाकडे ठेव, तेही मोह यायच्या आधी. 'आज अभ्यास करेन' याऐवजी 'जेवण झालं की टेबलाशी बसून तिसरं प्रकरण उघडेन' असं वेळ, जागा आणि कृतीसकट ठरव. अशी 'हे झालं की ते' पद्धतीची योजना नुसत्या निश्चयापेक्षा जास्त टिकते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. एखाद्या दिवशी मोडली तर दुसऱ्या दिवशी तीच योजना पुन्हा लाव.

१३. थांबणं सोपं व्हावं यासाठी आणखी काय करता येतं?

'नंतर' धूसर असतं, ते ठसठशीत करावं लागतं. २०१० साली यान पीटर्स आणि क्रिस्टियान ब्यूखेल यांनी प्रौढांना निवड करताना त्यांच्याच आयुष्यातल्या आगामी प्रसंगांची आठवण करून दिली, तेव्हा लोक जास्त थांबायला तयार झाले. किशोरवयीन मुलांतही, भविष्यातला प्रसंग तपशिलाने डोळ्यांसमोर आणू शकणारी मुलं जास्त धीराची निघाली. 'करिअर होईल' याने काही दिसत नाही. 'त्या वर्षी तू कुठे राहशील, सकाळी उठून कुठे जाशील' असं विचारलं की दिसू लागतं.

शब्दांची मांडणीही काम करते. 'सहा महिन्यांनी' ऐवजी नेमकी तारीख सांगितली की उशीर कमी बोचतो. आणि 'आज १०० किंवा महिन्याने १५०' याऐवजी 'आज १०० आणि महिन्याने शून्य, किंवा आज शून्य आणि महिन्याने १५०' असं पूर्ण मांडलं की जास्त जण मोठी रक्कम निवडतात. शून्य आधीही होतं, फक्त कुणी दाखवलं नव्हतं. हे शेवटचे दोन परिणाम प्रौढांवरच्या प्रयोगांतले आहेत, पण घरी करून पाहण्यात काहीच तोटा नाही.

१४. वाईट परिणाम दाखवून घाबरवलं तर?

फारसा उपयोग नाही. २०१३ सालच्या एका अभ्यासात ९ ते २६ वयाच्या लोकांना आधी वाईट घटनांची शक्यता वर्तवायला सांगितली आणि मग खरा आकडा दिला. आकडा अपेक्षेपेक्षा चांगला असला, तर सगळ्याच वयाच्या लोकांनी आपला अंदाज दुरुस्त केला. आकडा वाईट असला, तर जितकं वय कमी तितकी दुरुस्ती कमी. वाईट बातमी कानावर पडते, पण पचत नाही. त्याऐवजी सिगारेट सोडल्यावर दम किती लवकर परत येतो, अशा जवळच्या आणि चांगल्या परिणामाची गोष्ट जास्त पोचते.

१५. मुलगे जास्त उतावळे असतात का?

थरार शोधण्यात सरासरीने मुलगे पुढे असतात. थांबण्याच्या बाबतीत फरक लहान आणि अभ्यासागणिक बदलणारा आहे. तुमच्या समोरच्या मुलाबद्दल यातून काही ठरत नाही.

१६. हे आनुवंशिक आहे का? त्याच्या वडिलांचंही असंच होतं.

काही अंशी. जुळ्या मुलांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात लगेच मिळणाऱ्या बक्षिसाकडे झुकण्यातल्या फरकांपैकी १२ व्या वर्षी सुमारे ३० टक्के आणि १४ व्या वर्षी सुमारे ५१ टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडता आला. त्याच दोन वर्षांत सगळ्याच मुलांचा कल सरासरीने थांबण्याकडे सरकला होता. म्हणजे भावंडांमधला क्रम बराचसा टिकू शकतो आणि तरीही सगळेच पुढे सरकू शकतात.

१७. आमच्या मुलाला एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाण्याची अवस्था) आहे. हेच सगळं लागू आहे का?

दिशा तीच, पण उतार जास्त तीव्र. एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये उशिराच्या बक्षिसाची किंमत सरासरीने जास्त वेगाने घसरते. एडमंड सोनुगा-बार्क यांनी याला आणखी एक बाजू जोडली: काही मुलांना बक्षिसापेक्षा थांबण्याचा काळच असह्य होतो, आणि ती तो काळ संपवण्यासाठी छोटं बक्षीस उचलतात. अशा मुलासाठी बक्षीस वाढवण्यापेक्षा मुदत तोडणं उपयोगी. महिन्याच्या शेवटच्या मोठ्या गोष्टीऐवजी रोजच्या छोट्या खुणा ठेवा आणि मधला काळ हाताला काम देऊन भरा. उपचारांबाबत तुमच्या डॉक्टरांशीच बोला.

१८. पैसे एक दिवस टिकत नाहीत, पण खेळासाठी हीच मुलगी चार वर्षं पहाटे उठते आहे. हे कसं?

थांबण्याची एकच पेटी नसते, हे सांगणारं उदाहरण तुमच्या घरातच आहे. पैसे, खाणं, अभ्यास, मैत्री यांत एकाच माणसाचा उतार वेगळा असू शकतो. शिवाय खेळात ती खरोखर 'थांबत' नसावी. रोजचा सराव, संघ, प्रशिक्षकाचं एक वाक्य, स्वतःची सुधारलेली वेळ ही बक्षिसं तिला रोज मिळतात, आणि पदक त्यांच्यामागून येतं. जिथे ती टिकत नाही, तिथे रोजचं काय मिळतं ते शोधा. बहुधा काहीच मिळत नसतं.

१९. आमचा मुलगा उलट आहे. काहीच पत्करत नाही, खात्री नसेल तर पाऊलच उचलत नाही. हे चांगलंच ना?

नेहमी नाही. थांबणं निवडलेलं असेल तर ती ताकद आहे. भीतीने आलेलं असेल तर तो शिकण्यातला अडथळा ठरतो. २०१६ साली ज्युलिएट डेव्हिडो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बरोबर-चूक असा प्रतिसाद मिळत असताना १३ ते १७ वयाची मुलं प्रौढांपेक्षा चांगलं शिकली. बक्षिसाबद्दलची संवेदनशीलता या वयात अशी कामाला येते. पण प्रतिसाद मिळण्यासाठी आधी काही करून पाहावं लागतं. त्याला लहान, परत फिरता येईल अशा अनिश्चित गोष्टी करू द्या. टाळणं वाढत जाऊन शाळा किंवा मित्र सुटू लागले, तर समुपदेशकाची मदत घ्या.

२०. उशीर आणि अनिश्चितता दोन्ही एकत्र आली तर काय वजन करतात?

प्रयोगात ती वेगळी करता येतात, आयुष्यात क्वचित. 'दोन वर्षांनी प्रवेश मिळेल' यात उशीर आहे, मिळेल की नाही ही जोखीम आहे आणि तोवर नियम काय असतील ही संदिग्धता आहे. त्यातही उशीर स्वतःच अनिश्चितता घेऊन येतो. जितकं दूर, तितकं मध्ये काहीतरी घडण्याची शक्यता जास्त. म्हणून 'त्याला धीर नाही' असं दिसतं, तेव्हा पुष्कळदा 'त्याला भरवसा नाही' असं असतं (प्रश्न ७).

ओळखायची एक साधी रीत आहे. मुलाला विचारा: 'हे नक्की मिळणार असतं, तर थांबला असतास?' उत्तर 'हो' आलं, तर प्रश्न शक्यतेचा आहे. खरी शक्यता शोधून आकड्यांत सांगा. प्रश्न ६ मध्ये पाहिल्याप्रमाणे आकडा समोर असताना मुलं सावध आणि नीट निवडतात. उत्तर 'नाही' आलं, तर प्रश्न उशिराचा आहे आणि प्रश्न १३ मधल्या गोष्टी करून पाहा. 'माहीत नाही' हे उत्तर आलं, तर घाई करू नका, दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

२१. ज्यांच्या मनात उशिराच्या बक्षिसाची किंमत वेगाने घसरते (प्रश्न १), ती मुलं व्यसनात अडकतात का?

धोका वाढतो, नशीब ठरत नाही. १५ ते २१ या वयात पाठपुरावा केलेल्या एका अभ्यासात ज्यांची घसरण वेगवान होती त्यांच्यात पुढे धूम्रपान सुरू होण्याची शक्यता जास्त दिसली. धूम्रपानामुळे घसरण वाढली असं मात्र त्यात दिसलं नाही. पण हे गटाबद्दलचं विधान आहे. एखाद्या मुलाची चाचणी घेऊन 'हा अडकेल' असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. समोरच्या मुलासाठी त्याहून जास्त सांगणाऱ्या गोष्टी आहेत: संध्याकाळी तो कुणाबरोबर असतो, त्या गटात थोडं मोठं कुणी आहे का, आणि घरी दिलेले शब्द पाळले जातात का.